गाडीच्या पाण्याचं तापमान: मीटर कुठला घ्यावा आणि सेन्सर कुठे बसवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक. डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा नाही. इंजिन गार असताना निळा दिवा आणि तापलं की लाल दिवा, एवढंच. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर लाल दिवा लागला आणि गाडी बाजूला घेईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं. काम करून घेतल्यावर आता वेगळा टेम्परेचर मीटर बसवायचा विचार आहे. मेकॅनिकल घ्यावा की इलेक्ट्रिक? सेन्सर कुठे बसवावा? किती अंशांना गाडी थांबवावी? आणि गॅरेजवाले म्हणतात की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला की मीटरची गरजच उरणार नाही, हे खरं का?

थर्मोस्टॅट काढू नका. त्याची कारणं शेवटी देतो, कारण ती समजायला मधलं सगळं लागेल. मीटर मात्र जरूर हवा. फक्त कंपनी आणि डायल निवडण्याच्या आधी सेन्सर पाण्याच्या कुठल्या जागी बुडणार आहे ते ठरवा. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये महागडा मीटर आणि चुकीच्या जागी सेन्सर अशी जोडी मी नेहमी पाहतो. असा मीटर गाडी उकळत असतानाही मालकाला निर्धास्त ठेवतो.

आधी लाल दिव्याबद्दल. तो बहुतेक गाड्यांत ११० अंश सेल्सिअसच्या वर कुठेतरी लागतो. एरवी तुमचं इंजिन ९० ते १०० च्या दरम्यान चालत असतं. म्हणजे ९५ वरून ११० पर्यंतचा सगळा प्रवास तुम्हाला दिसलेलाच नसतो, आणि दिवा लागतो तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं अशी जोडी असेल तर जास्त तापल्यावर दोघांची ओढाताण मधल्या गॅस्केटला सोसावी लागते, आणि हेड एकदा वाकलं की फेसिंगशिवाय, म्हणजे त्याचा तळ मशीनवर सपाट करून घेण्याशिवाय, गत्यंतर नाही.

ज्यांच्या गाडीत काटा आहे त्यांनीही फार निश्चिंत राहू नये. कंपनीने दिलेला काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाणी ८० ला असो की १०५ ला, काटा मध्यावरच उभा. तापमान थोडं वरखाली होताना दिसलं की ग्राहक सर्व्हिस सेंटरला फेऱ्या मारतात, म्हणून केलेली ही सोय आहे. काटा मध्यावरून हलला याचा अर्थ गोष्ट बरीच पुढे गेली आहे, असाच घ्यायचा.

आता तुमच्या गाडीपुरतं. ती २०१४ ची आहे. भारतात एप्रिल २०१३ पासून कारना ओबीडी-२ (इंजिनाचे दोष आणि आकडे बाहेरून वाचू देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे स्टीअरिंगच्या खाली कुठेतरी १६ पिनांचा सॉकेट असणारच. इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, पेट्रोल किती सोडायचं आणि पंखा कधी लावायचा हे ठरवण्यासाठी पाण्याचं तापमान लागतंच. त्याचा सेन्सर कंपनीने बहुधा हेडमधून पाणी बाहेर पडतं त्या जागी बसवलेला असतो, म्हणजे हवी तिथेच. त्याने वाचलेला आकडा ओबीडीवर एका बाइटमध्ये येतो. त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. एकेका अंशाने बदलणारा आकडा, आणि दाखवण्याची मजल उणे ४० पासून २१५ पर्यंत. आपल्याला याहून जास्त काही लागत नाही.

म्हणून होज (पाण्याचा रबरी पाइप) कापण्याआधी ओबीडीवर चालणारा छोटा डिस्प्ले घ्या. त्यात तापमानाचा आकडा कायम दिसायला हवा आणि आपण ठरवलेल्या अंशांना बझर वाजायला हवा. बझर नसलेला डिस्प्ले घेऊ नका, कारण घाटात नजर रस्त्यावर असते आणि असायलाच हवी. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे ईएलएम ३२७ प्रकारचे डोंगल स्वस्त मिळतात आणि तपासणीसाठी चांगले आहेत. पण त्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत, काही सगळ्या गाड्यांशी बोलत नाहीत, आणि फोन आला की तापमानाचा आकडा पडद्यामागे जातो. रोजच्या वापराला स्वतंत्र डिस्प्लेच बरा. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डिस्प्ले असो की डोंगल, सॉकेटमधून काढून ठेवा, नाहीतर बॅटरी हळूहळू उतरते.

ओबीडीची एक मर्यादा लक्षात ठेवा. ईसीयूचा तोच सेन्सर बिघडला किंवा त्याची वायर तुटली तर अनेक गाड्यांत ईसीयू एक ठरावीक आकडा गृहीत धरतो आणि पंखा सतत चालू ठेवतो. तेव्हा पंखा विनाकारण पळतोय आणि आकडा कितीही वेळ तसूभरही हलत नाही असं दिसलं, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

वेगळा मीटर आणि वेगळा सेन्सर कुणाला लागतो? ओबीडी नसलेल्या जुन्या गाड्यांना, जुन्या जीपना, इंजिन बदललेल्या किंवा टर्बो वाढवलेल्या गाड्यांना. किंवा ज्यांना ईसीयूपासून पूर्ण स्वतंत्र असा दुसरा साक्षीदार हवा आहे त्यांना. हेड एकदा गेल्यानंतर तुम्हाला तसं वाटणं मी समजू शकतो, म्हणून तोही भाग सविस्तर सांगतो.

मेकॅनिकल मीटरमध्ये वीज लागत नाही. पाण्यात बुडणाऱ्या पितळी बल्बमध्ये पटकन वाफ होणारा द्रव असतो. तो तापला की त्याच्या वाफेचा दाब केसासारख्या बारीक नळीतून मीटरपर्यंत येतो आणि तिथली वाकडी चपटी नळी त्या दाबाने सरळ व्हायला बघते. तिला काटा जोडलेला असतो. एझेन बूर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ साली पेटंट घेतलेली ही रचना आजही तशीच वापरात आहे. बॅटरी गेली, अर्थिंग बिघडलं, फ्यूज उडाला, तरी हा मीटर खरं तेच सांगतो. पण बारीक नळी ना कापता येते ना जोडता येते. जास्तीची लांबी गुंडाळूनच ठेवावी लागते, तीव्र कोनात वाकवली की मीटर गेला, आणि बल्ब फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) पार करायला मोठं भोक पाडावं लागतं. जुन्या जीपला, ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला तो उत्तम. आजच्या हॅचबॅकमध्ये तो बसवायची कटकट मी करणार नाही.

इलेक्ट्रिक मीटरचा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की विजेला होणारा अडथळा कमी करणारा छोटा तुकडा. प्रत्येक मीटर आपल्या जोडीच्या सेन्सरसाठीच आखलेला असतो. एका कंपनीचा मीटर आणि दुकानात मिळाला तो सेन्सर अशी जोडी लावली तर काटा हलेल, पण खोटं सांगेल. मीटर घेताना त्याचा सुटा सेन्सर नंतर वेगळा मिळतो का, हे दुकानदाराला आधी विचारा. मीटर दहा वर्षं टिकतो, सेन्सर आधी जातो. व्हीडीओ, डेफी, ऑटोमीटर यांच्यासारख्या कंपन्यांचे सेन्सर सुटे मिळतात आणि त्यांचे आकडे छापील स्वरूपात उपलब्ध असतात. हुबेहूब तसे दिसणारे नकली मीटरही ऑनलाइन ढिगाने आहेत. त्यांच्या डायलवरचा दिवा झकास असतो, आतल्या आकड्यांची खात्री कुणी देत नाही.

एक काम चुकूनही करू नका. ईसीयूच्या सेन्सरच्या वायरला टोचून त्यावर दुसरा मीटर चालवू नका. ईसीयू त्या सेन्सरवरचा व्होल्टेज मोजून तापमान ठरवतो. मधे दुसरं काही जोडलं की तो व्होल्टेज बदलतो, ईसीयूला चुकीचं तापमान कळतं, आणि पेट्रोल, इग्निशन, पंखा सगळ्यांचं गणित बिघडतं.

आता सेन्सरची जागा. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये बसणारे ॲडॅप्टर बाजारात सर्रास मिळतात. होज कापायचा, मधे धातूचा तुकडा घालायचा, दोन्हीकडून क्लिपा आवळायच्या, वर सेन्सर. काम अर्ध्या तासाचं, म्हणून सगळे तेच करतात. पण वरच्या होजमधून पाणी कधी वाहतं? थर्मोस्टॅट उघडल्यावर. तो बंद असेतो इंजिनातलं पाणी बायपासमधून आतल्या आत फिरत राहतं आणि वरच्या होजमधलं पाणी जवळजवळ तसंच उभं असतं. सकाळी गाडी काढल्यावर मीटर बराच वेळ ४०-५० दाखवतो आणि मग एकदम ८० वर उडी मारतो, त्याचं कारण हेच. एवढंच असतं तर चाललं असतं. पण थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळतंय आणि होजमधला सेन्सर कोमट पाण्यात बसून तुम्हाला सगळं ठीक असल्याचं सांगतोय, अशी स्थिती येते. ज्या बिघाडासाठी मीटर घेतला तोच बिघाड त्याला दिसत नाही.

खालच्या होजमध्ये सेन्सर असेल तर तो रेडिएटरमधून गार होऊन आलेलं पाणी मोजतो. रेडिएटर किती काम करतोय ते कळायला दुसरा सेन्सर म्हणून तो छान, पण एकुलता एक म्हणून नको.

माझी पहिली पसंती हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या आधीच्या हाऊसिंगवर असलेल्या मोकळ्या प्लगला. काही इंजिनांत कंपनीनेच तिथे आटे पाडून बोल्टने बंद केलेली जागा ठेवलेली असते; तुमच्या इंजिनात ती आहे का, हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये किंवा ते इंजिन नेहमी उघडणाऱ्या फिटरकडे कळेल. ती नसेल तर हीटरकडे जाणाऱ्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घाला. बहुतेक गाड्यांत हीटरचं पाणी थर्मोस्टॅट बंद असतानाही फिरत असतं, त्यामुळे आकडा खरा मिळतो. फक्त हीटर बंद केल्यावर पाणीच अडवणारा व्हॉल्व्ह तुमच्या गाडीत आहे का ते आधी बघा. असेल तर टी त्या व्हॉल्व्हच्या आधी, इंजिनाच्या बाजूला हवी. यातलं काहीच जमत नसेल तरच वरचा होज, आणि मग ॲडॅप्टर इंजिनाच्या तोंडाशी जितका जवळ नेता येईल तितका न्या. होजचा आतला व्यास कॅलिपरने मोजून घ्या. २८, ३०, ३२, ३४, ३६ असे माप दोन-दोन मिलिमीटरने बदलतात आणि डोळ्याने अंदाज चुकतो.

आट्यांकडे नीट लक्ष द्या. अमेरिकी मीटरच्या सेन्सरला बहुधा एक-अष्टमांश एनपीटी आटे असतात, जपानी मीटरला एक-अष्टमांश पीटी (दोन्ही निमुळत्या पाइप-आट्यांची मापं). नावं सारखी, दिसायलाही जवळजवळ सारखे. पण पहिल्यात इंचाला २७ आटे आणि दुसऱ्यात २८. एकात दुसरा दोन-तीन फेरे आरामात जातो, मग घट्ट होतो, आणि आपल्याला वाटतं बसला. तो पाझरतो, किंवा ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. मीटर आणि ॲडॅप्टर वेगवेगळ्या ठिकाणाहून घेत असाल तर हे आधी जुळवा. आटे निमुळते असल्यामुळे जोर लावून पूर्ण आत घालायचे नसतात; हाताने घट्ट, मग पान्याने फेरा-दीड फेरा. जास्त आवळलं तर ॲडॅप्टर चिरतो.

एकाच वायरच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो त्याच्या आट्यांमधूनच. त्यावर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे मारले की अर्थ बिघडतो. रबरी होजमध्ये घातलेल्या ॲडॅप्टरला तर दोन्ही बाजूंनी रबर. त्याला वेगळी अर्थची वायर द्यावीच लागते, आणि ती इंजिनाच्या ब्लॉकवर स्वच्छ धातूपर्यंत घासून, बोल्टखाली आवळून. हे मी इतकं ताणून का सांगतोय? एका प्रचलित सेन्सरचा अडथळा ४० अंशांना सुमारे २९० ओहम असतो आणि १२० अंशांना सुमारे २३. म्हणजे इंजिन तापलेलं असताना, जेव्हा आकड्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा नुसत्या २ ओहमच्या खराब अर्थिंगने तापमान तीनेक अंश कमी दिसतं. गंजलेला बोल्ट असेल तर त्याहून कमी. चूक नेहमी धोक्याच्या बाजूला. तपासायची पद्धत सोपी आहे: इंजिन गरम असताना हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकदम चालू करा. काटा जागचा हलला तर अर्थिंगमध्ये दोष आहे. याच जातीच्या मीटरमध्ये काटा एकदम गरमच्या टोकाला जाऊन बसला तर वायर सोलून बॉडीला टेकली आहे, आणि तळाशी पडून राहिला तर वायर तुटली आहे. दोन वायरच्या सेन्सरला आट्यांच्या अर्थची भानगड नाही, म्हणून निवड असेल तेव्हा मी तोच घेतो.

मीटरची वीज इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, स्वतःचा छोटा फ्यूज घालून. वायर सोलून पिळून वर काळी टेप, असं काम इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही. चांगले टर्मिनल दाबून घ्या. फायरवॉलमधून जाताना कंपनीच्या रबरी ग्रोमेटमधूनच जा, इग्निशन कॉइलपासून दूर.

डायलचं माप ५२ किंवा ६० मिलिमीटर, जे जागेत बसेल ते. काटा तीन-चतुर्थांश वर्तुळ फिरणारा असावा, म्हणजे दोन-तीन अंशांचा फरकही लांबून दिसतो. पाव वर्तुळात १२० अंश कोंबलेला डायल निरुपयोगी. फॅरनहाइटचा घेऊ नका, घाटात भागाकार करायला वेळ नसतो. बसवताना विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबावर पॉड लावायची फॅशन आहे, पण कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत ती त्याच भागातून उघडते. डॅशबोर्डवर डावीकडेही एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर होज कापण्याआधी विचार करा.

बसवण्यापूर्वी मीटर खरा आहे का ते घरी बघता येतं. सेन्सर मीटरला जोडा, १२ व्होल्टची बॅटरी द्या, एकच वायर असेल तर सेन्सरच्या अंगाला अर्थ द्या, आणि त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत आकडा १०० यायला हवा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. पुण्यात बसून मीटर ९८ दाखवत असेल तर तो चुकत नाहीये, परत पाठवू नका. दोन अंशांपर्यंतचा फरक चालेल, तो लक्षात ठेवायचा. पाच-सहा अंशांचा फरक असेल तर जोडी चुकली आहे किंवा माल नकली आहे.

होज कापून काम केलं असेल तर नंतर हवा काढणं विसरू नका. गाडीचं तोंड किंचित चढाला ठेवायचं, हीटर गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं, कूलंट भरत इंजिन चालू ठेवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. हवा काढायचा स्क्रू असेल तर तोही वापरा. हवेचा फुगा सेन्सरपाशी अडकला की काटा भलतीकडे उड्या मारतो. आणि बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडे कित्येक ठिकाणी ते इतकं जड असतं की रेडिएटरच्या नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर क्षाराचा थर बसतो. रेडिएटर तुंबतो आणि मीटर उशिरा सांगतो, दोन्ही एकदम. तयार मिश्रणाचं कूलंट घ्या, किंवा गाढ कूलंट घेऊन त्यात डिस्टिल्ड वॉटर.

आता वाचायचं कसं. सगळ्या गाड्यांना लागू पडणारा एक आकडा मी देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याचं ऐकू नका. थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागणारा असेल तर गाडी बहुधा ८५ ते ९२ मध्ये राहते, ८८ चा असेल तर ९० ते ९७ मध्ये. ट्रॅफिकमध्ये पंखा साधारण ९५ ते १०० ला लागतो आणि काही अंश खाली आणून बंद होतो. काही नव्या इंजिनांत तर हलक्या भारावर मुद्दाम १०५ च्या आसपास ठेवतात. म्हणून पहिला महिनाभर मीटरकडे फक्त बघा आणि लिहून ठेवा: एसी लावून सिग्नलला किती, हायवेवर एका लयीत किती, लांब चढावर किती, उतारावर किती. पंखा किती अंशांना लागतो, किती अंशांना थांबतो, हेही लिहा. ही तुमच्या गाडीची कुंडली. बझर तुमच्या नेहमीच्या सगळ्यात वरच्या आकड्याच्या चार-पाच अंश वर लावा. बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत तो १०४ ते १०८ मध्ये कुठेतरी येतो.

आकड्यापेक्षा तो केव्हा वाढतो हे जास्त बोलकं आहे. उभ्या गाडीत वाढतो आणि चालायला लागल्यावर उतरतो? पंखा, त्याची मोटर, रिले किंवा फ्यूज बघा. ट्रॅफिकमध्ये ठीक, पण हायवेवर वेग वाढवला की चढतो? रेडिएटर आतून तुंबलेला, पंपाचं पातं झिजलेलं, किंवा खालचा होज ओढीने चपटा होत असेल. फक्त घाटात, एसी लावल्यावर? एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत चिखल आणि किडे भरलेले असतात. तिथे समोरून नुसता पाण्याचा फवारा मारून भागत नाही, दोन्ही वेगळे करून धुवावे लागतात. कसारा किंवा खंबाटकीत ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना इंजिनावर भार पूर्ण आणि समोरून वारा जवळजवळ नाही, म्हणून अर्धवट तुंबलेला रेडिएटर नेमका तिथेच उघडा पडतो. तुमच्या गाडीचं तेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, आणि हेडचं काम करताना रेडिएटर तपासला नसेल तर मूळ कारण अजून गाडीतच आहे. आकडा विनाकारण झपाट्याने वरखाली होत असेल आणि कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत असतील तर पुन्हा गॅस्केटकडे बघावं लागेल. आणि गाडी बंद केल्यावर दोन-चार मिनिटं आकडा वाढला तर घाबरू नका. पंप थांबलेला असतो, हेडची उष्णता तिथल्या तिथे पाण्यात उतरते.

तापमानाच्या जोडीला दाबाचाही विचार हवा. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिटीसारखं काम करतं: ०.९ बारचं झाकण धड असेल तर साधं पाणीही ११८ पर्यंत उकळत नाही, आणि निम्मं-निम्मं कूलंट असेल तर त्याहून आठ-दहा अंश वर. झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर हा सगळा फायदा गेला. मग मीटर जेमतेम १०० दाखवत असताना साधं पाणी उकळून बाहेर येतं आणि माणूस मीटरला दोष देतो. म्हणून मीटरबरोबर नवीन झाकण घ्या, त्यावर छापलेला दाब कंपनीने दिलेलाच हवा. जास्त दाबाचं झाकण लावून उकळणं टाळायचा प्रयत्न केला तर जुना होज किंवा हीटरचा कोर फुटतो.

बझर वाजला तर आधी एसी बंद, मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात, काचा खाली. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे, चार-पाच अंश तो सहज खाली आणतो. गिअर एक उतरवा म्हणजे पंप जोरात फिरेल, पाय हलका ठेवा. तरीही ११२-११५ कडे जात असेल तर जागा बघून थांबा. पाणी गळत नसेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. आयडलवर ठेवा, पाणी फिरत राहू द्या, आकडा उतरताना दिसेल. वाफ येत असेल, खाली पाणी सांडत असेल, पंखा बंद असेल किंवा आकडा उतरायचं नावच घेत नसेल तर लगेच बंद करा. झाकण किमान अर्धा तास उघडायचं नाही. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतणं तर कधीच नाही, चांगलं हेड त्यानेच चिरतं.

सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तोवरच खरं सांगतो. होज फुटून पाणी एकदम निघून गेलं तर सेन्सर हवेत लटकतो, आणि इंजिन जळत असताना आकडा उलट खाली येऊ शकतो. त्यामुळे चढावर, भर उन्हात आकडा अचानक घसरला तर ती वाढण्याइतकीच गंभीर गोष्ट समजा आणि थांबून बघा. यावर उपाय म्हणून हेडच्या बोल्टखाली बसणारा, धातूचंच तापमान मोजणारा सेन्सर मिळतो. पाणी असो-नसो, तो बोलतो. स्वतंत्र दुसरा साक्षीदार हवाच असेल तर तुमच्या गाडीत मी ओबीडी डिस्प्लेच्या जोडीला हा लावेन. होज कापावा लागत नाही आणि दोघांचे दोष वेगवेगळे आहेत.

आता थर्मोस्टॅट. तो काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, हिवाळ्यात सकाळी हायवेवर इंजिन ६०-६५ च्या वर जात नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतो, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि अनेक गाड्यांत पी०१२८ हा कोड पडून चेक इंजिनचा दिवा लागतो. दुसरी गोष्ट गॅरेजमध्ये फार कमी जणांच्या ध्यानात येते. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला एक चकती असते. तो उघडला की ती चकती बायपासचा रस्ता बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येतो. अशी गाडी सपाटीवर गार चालते आणि नेमकी घाटात, भर मे महिन्यात, थर्मोस्टॅट असताना तापली असती त्याहून जास्त तापते.

तेव्हा नवीन थर्मोस्टॅट घ्या, कंपनीने दिलेल्याच अंशांचा. आकडा त्याच्या अंगावर कोरलेला असतो. बसवण्याआधी दोऱ्याने टांगून गरम पाण्यात सोडा आणि त्या अंशांना उघडायला लागतो का ते थर्मामीटर लावून बघा. त्याला हलणारी छोटी पिन असेल तर बसवताना ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. नंतर सकाळी गार गाडी चालू करून डिस्प्लेकडे बघत बसा. आकडा न थांबता चढेल, थर्मोस्टॅट उघडल्यावर रेडिएटरमधलं गार पाणी आत येऊन थोडा खाली येईल, पुन्हा चढेल, आणि काही वेळाने ठरलेल्या पट्ट्यात स्थिर होईल. हा चढ-उतार दिसला नाही आणि आकडा ६० च्या घरात रेंगाळला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. १०० ओलांडून गेला आणि वरचा होज हाताला गारच लागला तर तो उघडतच नाहीये.